घरगुती ध्वनिवर्धकासाठी व्हॉल्व्हची निवड

पाठाची ओळख

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली लागला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत निर्वात नलिका घरोघरच्या रेडिओंतून नाहीशा झाल्या. तरीही नलिकांचा ध्वनिवर्धक स्वतःच्या हातांनी बांधणारे हौशी लोक आजही आहेत आणि स्लोव्हाकिया, रशिया व चीन या देशांत नलिका अजूनही तयार होतात. बोलीभाषेत या नलिकेला आपण ‘व्हॉल्व्ह’ म्हणतो. पाठातही तोच शब्द योजला आहे. माहितीपर लेखनात तांत्रिक संज्ञा वाक्यात कशा सामावून घेतल्या जातात, याकडे वाचताना लक्ष द्या.

मूळ पाठ

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील तार तापली की कॅथोड तापतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोरची प्लेट त्यांना ओढून घेते. १९०४ साली जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी बनवलेल्या व्हॉल्व्हमध्ये एवढेच होते. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी या दोहोंच्या मध्ये आणखी एक तार बसवली. तिला जाळी म्हणतात. पाटाच्या पाण्याला दार बसवावे, तसे या जाळीचे काम चालते. जाळीवरची व्होल्टता किंचित बदलली, तरी प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच लयीत कमी-अधिक होतो. ध्वनिवर्धनाचे सारे रहस्य एवढेच आहे.

निवड करताना नवशिके लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘किती वॅटचा व्हॉल्व्ह घ्यावा?’ आमच्या मते पहिला प्रश्न स्पीकरचा असावा. १ वॅट शक्ती दिल्यावर १ मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, हा आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो. शक्ती दुप्पट केली, तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर १ वॅटमध्ये जे देईल, तेच ८४ डेसिबलच्या स्पीकरकडून मिळवण्यासाठी ४ वॅट खर्चावे लागतात. बसण्याच्या खोलीत गाणे ऐकण्यासाठी चांगल्या स्पीकरला तीन वॅट पुरतात. हे ध्यानात न घेता महाग व्हॉल्व्ह घेणारा पैसे वाया घालवतो.

आता व्हॉल्व्हच्या नावांकडे वळू. सामासिक शब्दाचा विग्रह करावा, तसा या नावांचा विग्रह करता येतो. ‘ईसीएल८२’ हे युरोपीय पद्धतीचे नाव घ्या. ‘ई’ म्हणजे तापणारी तार ६.३ व्होल्टची, ‘सी’ म्हणजे तीन विद्युत्-अग्रांचा ट्रायोड, ‘एल’ म्हणजे स्पीकरला शक्ती देणारा पेंटोड, आणि ‘८’ हा अंक नऊ पिनांचा तळ दाखवतो. एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह आहेत, हे नावावरूनच कळले! पहिले अक्षर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावे. जुन्या दूरदर्शन संचातील ‘पीसीएल८२’ दिसायला अगदी तसाच असतो. पण त्याच्या तारेला सुमारे १६ व्होल्ट लागतात. ६.३ व्होल्टवर तो पुरेसा तापणारच नाही. अमेरिकी नावे निराळी असतात. तेथे ईएल८४ ला ‘६बीक्यू५’ आणि ईसीसी८३ ला ‘१२एएक्स७’ म्हणतात. व्हॉल्व्ह तोच, नाव दुसरे.

लहान ध्वनिवर्धकासाठी दोन मार्ग सोयीचे आहेत. ईसीएल८२ मध्ये ट्रायोड व पेंटोड एकत्र असल्याने एका बाजूला एकच व्हॉल्व्ह पुरतो आणि सुमारे तीन वॅट मिळतात. दुसऱ्या मार्गात ईसीसी८३ हा व्हॉल्व्ह क्षीण संकेत मोठा करतो आणि ईएल८४ तो स्पीकरपर्यंत नेतो. यातून सुमारे पाच वॅट मिळतात. पहिल्यांदाच बांधणाऱ्याने दुसरा मार्ग धरावा असे आम्हांस वाटते, कारण हे दोन्ही व्हॉल्व्ह आजही नव्याने तयार होतात. ‘३००बी’ या व्हॉल्व्हची कीर्ती मोठी, तशीच किंमतही मोठी. पहिल्या प्रयोगासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

निवडलेला व्हॉल्व्ह किती राबवावा, हेही ठरवावे लागते. ईएल८४ ची प्लेट जास्तीत जास्त १२ वॅट उष्णता सोसते. प्लेटवर २५० व्होल्ट आणि प्रवाह ४८ मिलिअँपिअर असेल, तर २५० × ०.०४८ = १२ वॅट, म्हणजे मर्यादा गाठली. विजेची व्होल्टता जरा वाढली, की प्रवाहही वाढतो आणि प्लेट लाल होऊ लागते. त्याऐवजी ४० मिलिअँपिअर ठेवले, तर १० वॅटच होतात. आवाजात फारसा फरक पडत नाही. व्हॉल्व्हचे आयुष्य मात्र वाढते.

प्लेटला सुमारे ५००० ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. हा मेळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालतो. ५००० ला ८ ने भागल्यास ६२५ येतात. त्याचे वर्गमूळ २५. म्हणून वेढ्यांचे प्रमाण २५ : १ असावे. ट्रान्सफॉर्मर हलका असेल, तर उत्तम व्हॉल्व्हही तबल्याचा बायाँ नीट ऐकवू शकत नाही.

जुना व्हॉल्व्ह घेताना काचेच्या आतील चंदेरी डाग पाहावा. डाग पांढराफटक झाला असल्यास आत हवा शिरली आहे. असा व्हॉल्व्ह घेऊ नये. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. ‘बीईएल’ छापाचे व्हॉल्व्ह जुन्या रेडिओंत आजही सापडतात. पण छाप सहज पुसता येते आणि नवी उमटवताही येते, म्हणून शक्य तेथे चाचणी करूनच पैसे द्यावेत.

सूचना : या यंत्रात २५० ते ३०० व्होल्ट असतात, ते प्राणघातक आहेत. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो. तो रोधकातून उतरवून, मीटरने खात्री करून मगच आत हात घालावा. विजेच्या कामाचा अनुभव नसेल, तर जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच काम करावे.

स्वाध्याय

१. ‘डोळ्यांत तेल घालून’ या वाक्प्रचाराचा पाठातील अर्थ सांगा व तो स्वतःच्या वाक्यात वापरा.
२. ‘ईसीसी८३’ या नावाचा विग्रह करा. त्यात ‘सी’ दोनदा का आला असावा?
३. ईसीएल८२ मधील पेंटोडची प्लेट ७ वॅट सोसते. २०० व्होल्ट व ३० मिलिअँपिअर असताना ती सुरक्षित आहे का? हिशेब करून लिहा.