दारातली सोंगटी

चिमे,

गणपतीतल्या कॅरमच्या स्पर्धेत नाव दिलंस, असं तुझ्या बाबाने फोनवर सांगितलं. आवाज असा की कप घरी आणून कपाटात ठेवूनही झाला. त्याने तुला काय शिकवलं असेल ते मला न बघता कळतं. गिरगावच्या चाळीत गॅलरीच्या टोकाला, पत्र्याची शेड लावलेल्या बल्बखाली आम्ही दोघं खेळायचो, तेव्हा टाळ्या त्याला मिळायच्या आणि बोर्ड मला. टाळ्या हव्या असतील तर त्यालाच विचार. बोर्ड हवे असतील तर आत्याचं ऐक. यातलं बहुतेक मी हरून शिकलेय, तेव्हा फुकट समजू नकोस.

१. स्ट्रायकर लाइनीवर ठेवण्याआधी मनात एकच प्रश्न विचार, ‘चुकली तर काय?’ – गेली तर काय हे गॅलरीतल्या शेंबड्या पोरालाही दिसतं.

२. हा विचार समोरचा खेळत असतानाच करून ठेव – पाळी आली की हातात १५ सेकंद असतात, आणि त्यातली पाच तुझी ओढणी सावरण्यात जाणार.

३. पॉकेटच्या दारात बसलेली आपली सोंगटी दिसली की लगेच गिळू नकोस – ती कुठे पळत नाही, आणि ती तिथे आहे तोवर समोरच्याला ते पॉकेट अडलेलं असतं. तो आपली घालायला गेला तर आधी तुझीच आत जाते, तीही त्याच्या खर्चाने! दारातली सोंगटी ही मुदत ठेव, गरज नसताना मोडू नये.

४. मग पाळी हातात असताना आधी काय घ्यायचं? मधली, थोडी अडचणीची, पण चुकली तरी पॉकेटाजवळच थांबेल अशी – सोप्या आधी संपवल्यास की उरतात त्या सगळ्या पट्टीला चिकटलेल्या, आणि मग कपाळाला हात.

अमेरिकेतला तुझा चुलतभाऊ पूल खेळतो. त्यात वन-पॉकेट म्हणून एक प्रकार आहे, असं तो सांगत होता. टेबलाला पॉकेटं सहा, पण प्रत्येकाच्या वाट्याला एकच कोपरा; आपल्या कोपऱ्यात जो आधी आठ बॉल घालेल तो जिंकला. म्हणे माणसं कितीतरी वेळ बॉल घालतच नाहीत, नुसती समोरच्याची वाट अडवून ठेवतात. बाबा म्हणाला, हा काय खेळ झाला? मी म्हटलं, मी चाळीत तीस वर्षं दुसरं काय केलं?

५. लांबची सोंगटी हळू मार, पॉकेटाच्या तोंडापर्यंत पोचेल एवढीच – चुकली तर दारात बसते. जोरात चुकलेली पट्टीवर आपटून कुठे जाईल ते तिलाही ठाऊक नसतं.

६. सरळ रेषेतली सोंगटी सोपी वाटते, तिथेच सांभाळ. स्ट्रायकर बोटभर बाजूला सरकव आणि किंचित कट मार – स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंतचा आणि सोंगटी जेमतेम साडेपाचची, त्यामुळे सरळ ठोकलास तर सोंगटीमागोमाग तोही आत जातो. मग दंड भरायचा, आणि घेतलेली सोंगटीही परत मधे. १९९६ साली चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा बाबाने पेपरातलं कात्रण बोर्डाच्या वर भिंतीला चिकटवलं, आणि त्याच संध्याकाळी त्या कात्रणाखाली बसून तीनदा स्ट्रायकर पॉकेटात घातला.

७. आपल्या सोंगट्या एकमेकींना चिकटल्या असतील तर बोर्डाच्या सुरुवातीलाच फोड – शेवटी फोडायला गेलीस तर त्या सुटेपर्यंत समोरचा घरी जाऊन जेवून येईल. त्याच्या चिकटलेल्या मात्र अजिबात हलवू नकोस. त्याची गाठ त्याच्या दातांनी.

८. आता राणी. कव्हर कुठली, ती कुठल्या पॉकेटात आणि स्ट्रायकर लाइनीवर कुठे ठेवून घ्यायची, एवढं आधी बोटाने दाखवता आलं पाहिजे, तरच राणीला हात लाव – राणी घेतल्यावर पुढच्याच शॉटला आपली सोंगटी गेली नाही तर राणी परत मधे येते, आणि पाळी त्याची.

हे मला कसं कळलं तेही ऐक. चाळीच्या गणपतीतलीच स्पर्धा, उपांत्य फेरी, एकाच गेमचा सामना. माझे २० गुण, त्याचे १८. राणी उजव्या पॉकेटाच्या रेषेत अशी देखणी उभी, की न घेणं म्हणजे तिचा अपमान. माझ्या चार सोंगट्या बाकी, त्यातली एकही दारात नाही. बरी म्हणावी अशी एक, तीही डाव्या पट्टीला अर्धी टेकलेली. मला हे दिसत होतं बरं का. पण मागे अख्खी गॅलरी उभी, त्यात खालच्या मजल्यावरून मुद्दाम वर आलेली मंडळी. राणी घेतली. टाळ्या पडल्या. कव्हर पट्टीला घासत गेली आणि पॉकेटाच्या ओठावरून परत फिरली. राणी मधे ठेवली. त्याची एक सोंगटी डाव्या दारात कधीपासून बसली होती, माझ्यासारखी घाई न करता. त्याने राणी घेतली, ती दारातली कव्हर म्हणून घेतली, आणि उरलेल्या दोन अशा घेतल्या की जणू रेशनच्या रांगेत नंबर आला. माझ्या चार आणि राणीचे ३, झाले सात. १८ आणि ७ किती, ते तू कर. झाकण नसलेल्या डब्यात राणी ठेवू नये, चिमे, मुंग्या लागतात.

९. राणी घेता येत नसेल तर तिला त्याच्या अंगाला, मागच्या पट्टीपाशी नेऊन ठेव – तिथली घ्यायला त्याला रिबाउंड मारावा लागतो, आणि राणी बाकी असताना शेवटची सोंगटी घालून बोर्ड संपवायची त्याला सोय नाही. असा शॉट मारल्यावर कोणी टाळी वाजवत नाही. समोरच्याचा चेहरा मात्र बघण्यासारखा होतो.

१०. हाच नियम तुलाही लागू, म्हणून आपल्या दोनच सोंगट्या उरल्या की राणी कुठे आहे ते आधी बघ – राणी बोर्डावर असताना झोकात शेवटची घालून बोर्ड घालवणारे मी तीन पिढ्यांत पाहिलेत, त्यात तुझे आजोबा धर.

११. गुणांकडे लक्ष ठेव. गेम २५ चा, नाहीतर ८ बोर्डांचा – आणि राणीचे ३ मिळतात ते आपले गुण २१ होईपर्यंतच. २२ झाल्यावरही काही शहाणे राणीसाठी जीव टाकतात. तिथे तिच्यासाठी समोरच्यालाच झटू दे.

१२. बोर्ड जातोय असं दिसलं की डबल-बिबल सोड, सोप्या सोंगट्या मुकाट घे – तुझ्या जेवढ्या उरतील तेवढेच गुण त्याला मिळतात. सातने हरणं आणि दोनने हरणं यात पुढचा अख्खा बोर्ड मावतो. आणि कव्हरसकट राणी घेता आली तर हरतानाही घे, निदान तिचे ३ त्याला मिळत नाहीत.

१३. एवढं ऐकून तू अगदीच सासुरवाशीण होऊन बसशील, म्हणून हेही सांगते. त्याच्या दोनच उरल्या, दोन्ही दारात, राणी त्याने कव्हर केलेली आणि तुझ्या चार बाकी, तर मनातला सगळ्यात अवघड शॉट आत्ता मार – ही पाळी गेली की दुसरी येणार नाही, मग सांभाळून ठेवायचं कोणासाठी? आठव्या बोर्डात मागे असलीस तरी तेच. बाबाचा वारसा अशा दिवशी उपयोगी पडतो.

१४. काही अवघड शॉट दिसतात धोक्याचे आणि असतात फुकटचे. समोरच्या पट्टीवरून डबल मारून सोंगटी आपल्याकडच्या पॉकेटात आणायची, आणि चुकली तरी ती त्या पॉकेटाजवळच विसावणार असेल, तर बिनधास्त मार – पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असं आलं की भीड कसली?

१५. लाइनीच्या मागे अडकलेल्या आपल्या सोंगटीला रिबाउंड मारताना ती पॉकेटात घालायचा हट्ट धरू नकोस, पुढे आली तरी पुरे – हट्टाने जोर वाढतो, आणि जोराने बाकीची मांडणी उधळते. उधळलेला बोर्ड ज्याची पाळी त्याचा.

१६. ही स्पर्धा पावसाळ्यात येते हे विसरू नकोस. पहिल्या बोर्डात रिबाउंड मारण्याआधी दोन हळू शॉट मारून बोर्डाचा वेग बघ – दमट हवेत लाकूड आणि पावडर दोन्ही जड होतात, घरी पट्टीवरून परत येणारा स्ट्रायकर तिथे मधेच बसकण मारतो. पावसाळी बोर्ड आणि नवा जावई, पहिल्या दिवशी अंदाज येत नाही. पावडर बारीक आणि थोडीच टाक, ढीग झाला की सोंगट्या वाळूत चालल्यासारख्या चालतात.

१७. बाबाला तुझ्या मागे उभं राहू देऊ नकोस, समोर बसव – मागून तो ‘मार, मार’ म्हणतो, आणि तुझा हात त्याचं ऐकतो. माझाही ऐकायचा.

१८. नखं स्पर्धेच्या दोन-तीन दिवस आधी काप, त्याच दिवशी नको – नुकत्याच कापलेल्या नखाखालचं बोट हुळहुळतं, मग टिचकी आपोआप हलकी पडते आणि दोष स्ट्रायकरला जातो. माझा जुना पिवळा स्ट्रायकर हवा असेल तर शनिवारी येऊन घेऊन जा. कडेला एक टवका गेलाय, त्यामुळे स्पर्धेत चालणार नाही, पण सराव त्यावर कर. येताना बाबाला आण, बोर्ड पलंगाखालून मला एकटीला ओढवत नाही.