व्हिडिओ पाहून वाकळ शिवायची तर

परभणीच्या खेड्यांत वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायचं शिक्षण कुणी मुद्दाम देत नसे. उन्हाळ्यात रानातली कामं उरकली की दोघी-तिघी ओसरीवर वाकळ अंथरून बसायच्या, आणि शेजारी बसलेल्या पोरीच्या हातात आपोआप सुई यायची. आता आजीला सुईत दोरा ओवता येत नाही, नात शिकायला पुण्याला नाहीतर संभाजीनगरला. मोबाईल मात्र दोघींकडे आहे. त्यावर पाहून वाकळ शिकता येते आणि चांगली शिकता येते. पण व्हिडिओ हात कसा चालवायचा ते दाखवतो; वाकळ कशी असावी हे घरातली जुनी वाकळच सांगते. दोन्ही समोर ठेवून बसा.

साहित्य : एक जुनं सुती सहावारी पातळ, वरच्या तुकड्यांसाठी जुने सुती कपडे, जाड सुती दोरा, लांब सुई, अंगुस्तान, मेणाचा तुकडा, कात्री, खडू. पहिल्यांदा मोठी वाकळ धरू नका. लेकराच्या अंगावर घालायची, साधारण ३० बाय ४० इंचांची पुरे.

कृती

सुरुवात कापडापासून, आणि इथंच जास्त वेळ जातो. मानवत-सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, त्याच जिल्ह्यातल्या कपाटात आज सुती पातळ शोधावं लागतं. हाताला मऊ लागलं म्हणजे सुती, असं धरून चालू नका. कडेचा दोरा काढून चिमट्यात धरा आणि जाळा. सुती दोरा कागदासारखा जळतो, वास तसाच येतो, राख बोटानं चुरली जाते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते. ते वाकळीत नकोच : घाम शोषत नाही, सुई अडते, थर एकमेकांवरून सरकतात. निवडलेलं सगळं कापड धुऊन कडक उन्हात वाळवा. गडद रंगाच्या तुकड्यावर ओलं पांढरं फडकं घासून पाहा. रंग लागला तर तो तुकडा बाजूला ठेवा.

आता घरातली किंवा शेजारची जुनी वाकळ मागून आणा आणि उलटी करा. दोन ओळींत किती अंतर आहे ते बोटानं मोजा. दोरा कुठं संपला, गाठ कुठं दडवली, कोपरा कसा वळवला ते पाहा. काही वाकळींत टाके कडेनं सुरू होऊन चौकोनात फिरत मध्यापर्यंत जातात, काहींत सरळ आडव्या ओळी असतात. आपल्या घरची रीत कोणती ते वहीत काढून घ्या.

त्यानंतर मोबाईल. नुसतं ‘गोधडी’ टाकलं तर मशीनवरच्या गोधड्याच बऱ्याच येतात. ‘हाताने शिवलेली गोधडी’, ‘धावदोरा’ असं शोधा. बंगालचा कांथा पाहा, तोही जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोऱ्यानंच भरतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. कडेपासून आत येत, तुकड्यांच्या कडा दुमडत कसं जायचं ते त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. जपानचं साशिको भरतकामही बघा. भाषा कळली नाही तरी अडत नाही, हात दिसले की झालं. ज्यात कॅमेरा हातांवर थांबतो, मागची बाजू दाखवतात आणि दोरा संपताना काय करतात तेही दिसतं, असा व्हिडिओ ठेवा. नुसतं गाणं लावून पळवलेला सोडून द्या. दोन-तीन पुरेत, वीस पाहणारीची सुई हलत नाही. रेंज असताना ते उतरवून ठेवा.

पाहताना वेग निम्मा करा. सगळ्यांची नजर सुईवर जाते, पण तुम्ही कापडाखालचा डावा हात बघा. सुईचं टोक खाली आलं की त्या हाताचं बोट त्याला ओळखतं आणि लगेच कापड वर उचलून देतं. उजवा हात सुई जवळपास जागेवरच ठेवतो. असे चार-पाच टाके सुईवर चढले की मग दोरा ओढायचा. एवढंच पाहा, व्हिडिओ थांबवा आणि १२ इंचांच्या तीन थरांच्या चौकोनावर करा. ज्वारीच्या दाण्याएवढा टाका जमेपर्यंत पुढचा भाग लावू नका.

हात बसला की पातळाचे ३२ बाय ४२ इंचांचे चार तुकडे कापा. एका सहावारीत ते आरामात निघतात. जमिनीवर एकावर एक अंथरा, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुती काढा. वर तुकडे मांडा, कडा आत दुमडा. मग मध्यापासून बाहेर, वीत-वीत अंतरावर कच्चा टाका घाला. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं की वाकळीला फुगे येतात आणि नंतर काही केल्या जात नाहीत.

दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नका, मेणावरून ओढून घ्या म्हणजे गुंतणार नाही. गाठ मारून सुई दोन थरांच्या मधून न्या आणि हलका झटका द्या. गाठ आत जाते. ओळी बोटभर अंतरावर. दर दोन-तीन ओळींनी वाकळ उलटून पाहा. दोरा ताणला असेल तर कापड चुरमडतं. तेवढी ओळ उसवून परत घाला.

निम्मी झाली की उलट्या बाजूचा फोटो दिवसाउजेडी काढून मावशीला किंवा आत्याला पाठवा. ‘कशी झाली?’ विचारलं तर ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘कुठं ओढली गेलीय?’ असं विचारा. जी बाई आयुष्यभर वाकळा शिवत आली ती फोटोवर बोट ठेवून सांगते.

शेवटी चारी कडा आत वळवून दुहेरी टाक्यानं बंद करा, कच्चा टाका काढा, साध्या पाण्यातून धुऊन दोन्ही बाजूंनी ऊन द्या. अंथरुणाएवढी वाकळ यानंतर घ्या, तीही होळी झाल्यावर, समोर बसायला कुणी असेल तेव्हा. दोन्ही टोकांकडून दोघी आत येत गेल्या की थर सरकत नाहीत.