बांधावरील गवत कापण्याचे यंत्र : उपयोग व सावधगिरी

पावसाळ्याच्या उत्तरार्धात सास्तूर व लोहाऱ्याकडील काळ्या रानांचे बांध हरळी, कुंदा व गाजरगवत यांनी भरून जातात. पूर्वी हे गवत विळ्याने काढीत. आता मजूर वेळेवर मिळत नाहीत, म्हणून नायलॉनची दोरी फिरवून गवत कापणारे यंत्र पुष्कळांनी घेतले आहे. त्याच्या उपयुक्ततेविषयी शंका नाही. परंतु विळा चुकला तर धरणाऱ्याच्याच बोटास लागतो. हे यंत्र वीस पावलांवरील माणसासही जायबंदी करू शकते. यास्तव त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरचे जॉर्ज बॅलास यांनी १९७१ साली हे साधन शोधून काढले. मोटारी धुण्याच्या यंत्रातील फिरते कुंचले पाहून त्यांस ही कल्पना सुचली. दोरी मुळात मऊ असते. वेगामुळे ती ताठ होऊन पात्याचे काम करते. हा वेग किती, ते पाहू. दोरीच्या वर्तुळाचा व्यास ४० सेंटिमीटर व फेरे मिनिटास ६,००० धरले, तर दोरीचे टोक सेकंदास सुमारे १२५ मीटर, म्हणजे ताशी ४५० किलोमीटर वेगाने धावते. अशा टोकाचा फटका बसलेला खडा कसा उडेल, हे सांगणे नलगे.

आपल्या भागात खडे-दगडांस तोटा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात दगडमातीची घरे कोसळली. जुन्या गावठाणांतील ते दगड आज गवताखाली दडलेले आहेत. आमच्याच बांधावर एकदा पाणी घेऊन येणारा मुलगा पाठीमागून जवळ आला, आणि उडालेली कपची त्याच्या भुवईस लागली. दोन बोटे खाली लागती, तर डोळा गेला असता. चूक मुलाची नव्हती. त्यास दूर ठेवण्याची व्यवस्था न करणाऱ्या आमचीच होती.

तेव्हा पुढील नियम पाळावे. प्रथम काठीने गवत झोडपून बांधावरून चालत जावे. म्हणजे साप निघून जातात, आणि दगड, काचा, तारा, ठिबकच्या नळ्या व मोटारीची केबल नजरेस पडते. डोळ्यांस चष्मा, त्यावर तोंड झाकणारी जाळी, कानांत बोळे, पायांत जाड बूट व अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. धोतराचा सोगा किंवा उपरणे लोंबते ठेवू नये. १५ मीटरांच्या आत कोणासही, जनावरासही, येऊ देऊ नये. दोरीमागील आडोसा कदापि काढू नये. दोरी वारंवार तुटते म्हणून कित्येक जण तिच्या जागी तार बांधतात. हे अत्यंत घातक होय, कारण तारेचा तुटलेला तुकडा गोळीप्रमाणे सुटतो.

दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेल मिसळावे लागते. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते; ५० ला १ असेल, तर लिटरास २० मिलिलिटर तेल पडते. इंजिन थंड झाल्यावरच इंधन भरावे, आणि भरल्या जागेपासून दहा फूट दूर जाऊन ते सुरू करावे. दोरीत गवत गुंतल्यास इंजिन बंद करून, डोके पूर्ण थांबल्यावरच हात घालावा.

आंबा, सीताफळ यांच्या कोवळ्या रोपांभोवती दोरी नेऊ नये. खोडाची साल सभोवार सोलली गेली की मुळांस अन्न पोचत नाही, व रोप वाळते. तेथे खुरपेच बरे. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी कापावे. फुलल्यावर कापल्यास परागकण उडून कातडीस व श्वासास अपाय होतो. कापलेले पुन्हा फुटते, म्हणून ओल असताना मुळासकट उपटणे अधिक चांगले. मात्र हातमोजे घालावे.

इतकी काळजी घेऊनही डोळ्यास काही लागलेच, तर डोळा चोळू नये व रुतलेला कण उपटू नये. दाब न पडेल अशा रीतीने स्वच्छ वाटीने डोळा झाकून तात्काळ रुग्णालय गाठावे. वाढलेले गवत आठ दिवसांनीही कापता येईल; गेलेला डोळा परत येत नाही. यंत्र घरात आणणाऱ्याने चष्मा त्याच दिवशी आणावा, आणि मजुराच्या हाती यंत्र देण्यापूर्वी तो त्याच्या डोळ्यांवर आहे की नाही हे स्वतः पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.