तोंडाला काळे फासणे : करमणूक की अपमान?

(राऊ व इंदूरकडील शब्बाथ शाळांच्या शिक्षकांसाठी पाठ)

तोंडाला काळे फासणे म्हणजे अपमान करणे, हे मराठी माणसास शिकवावे लागत नाही. पण कोणी हौसेने स्वतःच्याच तोंडाला काळे फासून लोकांना हसवू लागला, तर अपमान कोणाचा होतो? ज्याचे सोंग घेतले, त्याचा. हे आपण मुलांना कसे समजावून द्यावे, ते या पाठात पाहू.

१. उगम
अमेरिकेत १८३० च्या सुमारास टॉमस राईस हा गोरा नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला लावून 'जिम क्रो' नावाच्या काळ्या माणसाचे सोंग आणू लागला. पुढे अशा मंडळ्यांचे खेळ गावोगाव झाले. त्यांतील गुलाम मूर्ख, आळशी, पण सदा आनंदी असे. खरी माणसे बाजारात विकली जात होती, आणि प्रेक्षक मात्र गुलाम सुखात आहेत असे मानून हसत घरी जात. पुढे काळ्यांना वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांनाही 'जिम क्रो' हेच नाव पडले. ब्रिटनच्या बी.बी.सी.ने तर असा कार्यक्रम १९५८ पासून १९७८ पर्यंत दाखविला.

२. आपल्या देशात
१८६० नंतरच्या दशकात डेव्ह कार्सन हा अमेरिकन नकलाकार हिंदुस्थानात आला. मुंबई-कलकत्त्याच्या साहेबलोकांना त्याने हसविले आणि आफ्रिकन माणसाबरोबर 'बंगाली बाबू'चीही टर उडविली. तेव्हा अर्धेन्दुशेखर मुस्तफी या बंगाली नटाने साहेबाचीच नक्कल करून त्याला उत्तर दिले. आपल्यावर वेळ आली, म्हणजे थट्टा बोचते ती अशी!

त्याच काळी नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकन मुले शिकत होती. जेकब वेनराईट हा त्यांतलाच. १८७३ साली डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती याने. सुसी, चुमा व इतर सोबत्यांबरोबर त्याने तो देह सुमारे हजार मैल चालत किनाऱ्यास आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. रंगभूमीवरचे सोंग आणि हा खरा माणूस शेजारी ठेवून पाहा, म्हणजे सोंगाचा खोटेपणा आपोआप उघडा पडतो.

३. आजचे रूप
रंगभूमी गेली, पण सवय गेली नाही. २०१९ च्या 'बाला' या हिंदी चित्रपटात रंगावरून हिणविणे वाईट, असा उपदेश होता. तरी सावळ्या नायिकेसाठी उजळ नटीचाच चेहरा रंगविला. मोबाईलवर तर जाड ओठ व वटारलेले डोळे यांची चित्रे 'गंमत' म्हणून रोज पुढे पाठविली जातात. पाठविणाऱ्याच्या मनात द्वेष नसेलही. पण चित्र जुन्याच सोंगाचे आहे, आणि घरातली सावळी मुलगी ते मुकाट्याने पाहत असते.

४. शिक्षकांनी काय करावे?
नाताळच्या नाटुकल्यात एका मागी पुरुषाच्या तोंडाला काजळ फासण्याची चाल कोठे कोठे आहे. मत्तयाने त्यांची संख्या, नावे वा वर्ण काहीच सांगितलेले नाही. तेव्हा ती काजळी पुसून टाकावी. झगा आणि मुकुट पुरे आहेत. कूशी षंढाची गोष्ट (प्रे. कृत्ये ८) करतानाही मुलाने आपल्याच चेहऱ्याने रथात बसून वाचावे. तो मोठा अधिकारी होता व शास्त्र वाचीत होता, हे त्याच्या वागण्यातून दिसू द्या.

विचारार्थ प्रश्न
१. मोशेच्या कूशी बायकोविषयी मिर्याम बोलली (गणना १२). त्याचा परिणाम काय झाला?
२. तुमच्या वर्गात रंगावरून पडलेले टोपणनाव कोणाचे आहे? ते बंद करण्यास कोण पुढे येईल?
३. मोबाईलवर आलेले एखादे चित्र जेकब वेनराईटला दाखविता आले असते काय?