सही करण्याआधी वाचून घे

अगं, पोटगीचा अर्ज करायचं ठरवलंस हे चांगलं केलंस. तासगावला माहेरी राहतेस, तर तिथल्याच कोर्टात अर्ज करता येतो. तारखेला सासरच्या कोरेगावला खेटे घालायची गरज नाही. पण वकिलांनी तुला सांगितलंय ना, "उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र आम्ही करतो, तुम्ही फक्त सही करा", त्याबद्दल मला जरा बोलायचंय.

लिहिणारे वकील असले तरी शपथ तुझी असते गं. उद्या उलटतपासाला पिंजऱ्यात तू उभी राहणार, वकीलसाहेब नाही.

हे प्रतिज्ञापत्र आलं आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्यातून. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने बायकोला आणि मुलाला अंतरिम पोटगी दिली, नवरा भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'रजनेश विरुद्ध नेहा' या त्या खटल्यात 4 नोव्हेंबर 2020 ला निकाल लागला: पोटगीच्या दाव्यात नवरा-बायको दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता, कर्ज आणि खर्च शपथेवर मांडायचा, नवऱ्याने चार आठवड्यांत उत्तर द्यायचं, आणि पोटगी अर्ज केल्या तारखेपासून धरायची. म्हणून अर्ज लांबवू नकोस, प्रत्येक महिना तुझाच जातो. खालची कोर्टं हे नीट पाळत नाहीत म्हणून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं.

त्या निकालाला जोडलेले नमुने वेगवेगळे आहेत. एक शहरी, नोकरदार माणसांचा आणि दुसरा शेतीवाल्यांचा. वकिलांना पहिला प्रश्न हाच विचार, की आमच्यासाठी कुठला नमुना घेताय? आपल्या सातारा-सांगलीकडे बरेचजण पगाराच्या माणसाचा कागद पुढे करतात आणि नवऱ्याच्या "पगारा"पुढे शून्य येतं. शेतीच्या नमुन्यात जमीन किती, जिरायत की बागायत, पीक कोणतं, गाई-म्हशी किती, असं सगळं विचारलेलं असतं. तुझ्या सासरी ऊस आणि आलं आहे, विहीर आहे, गोठा आहे. हे कोर्टाला कळायला नको?

आता कागद गोळा कर. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर निघतो, पण नुसत्या सातबाऱ्यावर थांबू नकोस. आठ-अ काढ, म्हणजे त्या गावात त्यांच्या खात्यावर एकूण किती जमीन आहे ते कळेल. जमीन सासऱ्यांच्या नावावर असेल, तर उसाची नोंद कोणाच्या नावावर आहे आणि कारखान्याचं बिल कोणाच्या खात्यावर जमा होतं, ते आठव. वजनाची एखादी जुनी पावती तुझ्या ट्रंकेत राहिली असेल, तर ती जपून ठेव. जमीन बापाची आणि पैसा मुलाचा, हे त्या पावतीवरून दिसतं. विट्याकडच्या गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांच्या घरच्या सुनांना हे जास्त अवघड जातं, कारण धंदा परराज्यात आणि हिशेब बराचसा रोखीत. त्यांनी दुकानाचा पत्ता, भाड्याची जागा, घराचं बांधकाम, गाडी, असं डोळ्यांनी पाहिलेलं लिहावं.

स्वतःचंही लपवू नकोस. शिलाईचे पैसे, डेअरीचं बिल, अंगावरचं स्त्रीधन, सगळं लिही. "उत्पन्न शून्य लिहा, नाहीतर पोटगी बुडेल" असं कोणी म्हणालं, तर ऐकू नकोस. बाई कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, हे त्याच निकालात आहे. खोटं लिहिलेलं उघड झालं तर मात्र खोट्या शपथेची कारवाई मागे लागते, आणि खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. खर्चही खरा मांड: किराणा, गॅस, पोराची फी, एसटीचा पास, आईचं औषध.

वकील निवडताना नाव किती मोठं ते बघू नकोस. तुला प्रश्न किती विचारतात ते बघ. जो वकील तासभर बसवून खोदून विचारतो, मसुदा मराठीत वाचून दाखवतो, तो धर. कोऱ्या पानावर सही मागितली तर उठून ये. मी एक मसुदा पाहिलाय, त्यात दुसऱ्याच बाईच्या दोन मुली तशाच राहिल्या होत्या, आणि सही करणारीला एकच मुलगा! फी आधी ठरव, पावती घे. पोटगीतला हिस्सा मागणारा वकील नको, तशी फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे.

पैशाची अडचण असेल तर लाजू नकोस. 1987 च्या कायद्याने बाईला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. सांगली आणि सातारा, दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 15100 वर फोन केलास तरी सांगतील. कोर्टातल्या प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्प आणायला कोणी पाठवलं, तर आधी विचार. महाराष्ट्रात ते मुद्रांक शुल्क माफ आहे.

आणि नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र आलं की प्रत मागून घे, घरी बसून ओळ न् ओळ वाच. त्या घराची माहिती वकिलांपेक्षा तुला जास्त. विहिरीजवळचा तुकडा गाळलाय का, म्हशी चारच्या दोन झाल्यात का, ते तूच ओळखशील. पेन्सिलने खूण कर आणि पुढच्या तारखेआधी वकिलांकडे जा. त्याच्याकडून लेखी उत्तरं आणि कागद मागवायची सोय कायद्यात आहे, तसा अर्ज त्यांना द्यायला लाव.