तक्रार, तकरार आणि मिटवामिटवी

या वेळच्या अभ्यासलेखासाठी मी कविता किंवा कादंबरी घेतलेली नाही, तीन-चार शब्द घेतले आहेत. आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत ते रोज कानावर पडतात. कोणी कोणाला त्रास दिला की पुढे काय होणार, हे बरंचसं या शब्दांवर ठरतं असं मला वाटायला लागलंय, म्हणून हा प्रपंच.

गोडादरा म्हणजे सुरतचा लिंबायतला लागून असलेला भाग. कापड मार्केट, लूम आणि मिलमध्ये काम करणारी वस्ती. खानदेशातून आलेली कुटुंबं इतकी, की भाजीवालीशी गुजरातीत बोलायला जावं तर ती मराठीतच भाव सांगते. पण पोलिसांकडचा कागद गुजरातीत असतो. काही वर्षांपूर्वी रात्री कोणीतरी गल्लीतल्या चार-पाच गाड्यांचे आरसे फोडले, तेव्हा पप्पा एका चौकीत गेले आणि आपल्या गुजरातीत म्हणाले, "मारे तकरार करवी छे." समोरच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "कोनी साथे?"

पप्पांना वाटलं आपण तक्रार सांगतोय. साहेबांनी ऐकलं की या गृहस्थाला भांडण करायचंय. घरी हा किस्सा आजही जेवताना निघतो. पण शब्दाच्या पोटात शिरलं की तो नुसता विनोद राहत नाही. 'तकरार' मूळचा अरबी, अर्थ पुन्हा पुन्हा करणं, पुनरुक्ती. फारसीतून तो आपल्याकडे आला. गुजरातीत आणि हिंदीत तो वादावादीकडे झुकला, मराठीत गाऱ्हाणं मांडण्याकडे. गुजरातीत आपल्या 'तक्रारी'ला 'फरियाद' म्हणतात. तो फारसी शब्द, मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. मराठीने तोही ठेवला, पण 'फिर्याद' करून पोलीस आणि कोर्टापुरता. म्हणजे सुरतेत मराठी माणसाला आधी हे ठरवावं लागतं की आपल्याला हाक मारायची आहे की भांडायचंय. त्यात तिसरा शब्द 'अरजी'. पोलिसांकडे अरजी दिली म्हणजे फरियाद नोंदली गेली असं नाही, अरजीवर नुसती चौकशी होऊ शकते. अनेकजण अरजी देऊन येतात आणि 'केस केली' म्हणून निश्चिंत बसतात.

गंमत अशी, की चौकीत झालेला गोंधळ आमच्या गल्लीत मराठी बोलतानासुद्धा होतो. कोणी तक्रार केली की लोक ती तकरार समजतात. "कशाला भांडण वाढवता?" हे पहिलं वाक्य. ज्याने त्रास दिला तो बाजूला राहतो आणि जो बोलला तो भांडखोर ठरतो. मग ठरलेला उपाय येतो, मिटवून टाका.

'मिटवणे' या क्रियापदावर मला थोडं थांबायचंय. डोळे मिटतात, पुस्तक मिटतं, वादही मिटतो. शाळेतल्या प्रश्नाला मात्र आपण 'मिटवला' म्हणत नाही, 'सोडवला' म्हणतो, गाठ सोडवावी तसा. गाठ सोडवायची तर ती नीट बघावी लागते. मिटवण्यात न बघण्याची सोय आहे. आमच्या गल्लीतल्या दोन गोष्टी सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

पहिली गोष्ट एम्ब्रॉयडरी मशीनची. आमच्याकडे रो हाऊसच्या खालच्या मजल्यावर मशीन टाकून वर राहणारे बरेच आहेत. अशाच एका घरातलं मशीन रात्रभर चालायचं. शेजारच्या घरात एक आजी आजारी होत्या, वर त्यांच्या नातवाची बारावी. भिंत एकच असल्यामुळे पलंगसुद्धा थरथरायचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्र मोजायची ती १० ते ६. पण हे आकडे काढायची वेळच आली नाही. आजींचा मुलगा एका रविवारी मशीनवाल्या काकांकडे गेला. काकांनी सांगितलं की ऑर्डरची तारीख चुकली तर व्यापारी पैसे कापतो. दोघांनी बसून ठरवलं की मशीनखाली रबराचे पॅड टाकायचे, अकरानंतर मशीन बंद, आणि लग्नसराईचे काही दिवस आधी सांगून सूट. दोनदा मोडलं, पुन्हा बोलणं झालं. आता चाललंय. इथे दोघांनाही 'नाही' म्हणता येत होतं. काका नाही म्हणाले असते तर शेजारी पुढे गेले असते, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

दुसरी गोष्ट माझ्या मैत्रिणीची. संध्याकाळी क्लासवरून येताना गल्लीच्या तोंडाशी, जिथे दिवा लागत नाही, तिथे एक मुलगा बाइक घेऊन उभा राहायचा. आधी नुसता बघायचा. मग मागे येऊ लागला, मग नंबर मागू लागला, मग तिच्या क्लासच्या दारात दिसू लागला. दोन महिने तिने घरी सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा गल्लीतल्या मोठ्या माणसांनी बैठक घेतली. मुलाच्या वडिलांना बोलावलं. मुलगा आला, तिच्या बाबांच्या पाया पडला, चहा झाला. मिटलं. पुढच्या महिन्यापासून तिने क्लास सोडला. मुलगा अजून तिथेच उभा असतो. ती मला एवढंच म्हणाली, "त्याने माझ्या बाबांची माफी मागितली, माझी नाही."

बैठकीतली माणसं वाईट नव्हती. त्यांनी कामावरून आल्यावर दोन तास दिले. पण त्यांनी मशीनचा आवाज आणि मुलीचा पाठलाग एकाच मापाने मोजला. कायदा तसं करत नाही. कोणत्या गुन्ह्यात दोन्ही पक्षांना आपसात तडजोड करता येते याची यादीच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. पाठलाग, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, त्या यादीत नाही. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर ५ वर्षांपर्यंत. गल्लीने चहावर जे मिटवलं ते मिटवायचा अधिकार कायद्याने मुलीलासुद्धा दिलेला नाही, मग पंचांना कुठून?

सुरतच्याच पासोदऱ्यात १२ फेब्रुवारी २०२२ ला एका तरुण विद्यार्थिनीचा घरच्यांच्या समोर खून झाला. करणारा तरुण आधीपासून तिच्या मागे लागलेला होता आणि घरच्यांनी त्याला समज दिलेली होती. त्याच वर्षी मे महिन्यात कोर्टाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. हे लिहिताना मला भीती वाटते, कारण वाचणारा लगेच म्हणेल, 'मग घरच्यांनी पोलिसांकडे का नाही नेलं?' तो प्रश्न मला त्यांना विचारायचा नाही. समज देऊन बघणं हे आपल्यातल्या कोणत्याही घराने केलं असतं.

मिटवण्याची ही सवय गावाकडूनच आली असावी. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ ला गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाची समिती वाद ऐकायची, तंटामुक्त ठरलेल्या गावाला रोख बक्षीस मिळायचं. आमच्या गल्लीतले अर्धे लोक आपापल्या गावच्या पाटीवर 'तंटामुक्त गाव' वाचून मोठे झालेत. बांधाचे, पाण्याचे, भाऊबंदकीचे वाद कोर्टात वीस वर्षं कुजण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण तंटा नसण्यालाच बक्षीस असेल, तर तंटा सांगणारी व्यक्ती गावाला नकोशी होण्याचा धोका राहतोच.

मला जास्त शिकण्यासारखं वाटतं ते भिवंडीचं उदाहरण. भिवंडीही आमच्यासारखीच लूमची, बाहेरून आलेल्या कामगारांची. १९७० आणि १९८४ ला तिथे मोठ्या दंगली झाल्या. नंतर सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि त्या भागातले पोलीस एकत्र बसू लागले, तेही दंगल नसताना, साध्या कुरबुरींसाठी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आमच्या बैठकीत आणि त्या समितीत मला दिसणारा फरक म्हणजे तिथे पोलीस खोलीतच होता. बोलणं आणि नोंद या दोन वेगळ्या वाटा नव्हत्या.

आपल्या कॉलेजमध्ये हे वाचलं जाणार म्हणून आणखी एक. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात अपराध करणाऱ्या भावाशी कसं वागावं याच्या पायऱ्या आहेत. आधी एकट्याने जाऊन बोल, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीला सांग. लहानपणी मला वाटायचं की यातला मुद्दा क्षमेचा आहे. आता त्या 'एक-दोन साक्षीदारां'कडे लक्ष जातं. तिथे आधी शब्द पक्का करून ठेवायचाय. शिवाय हा सल्ला 'भावा'साठी आहे. अंधारात बाइकवर उभ्या असलेल्या मुलाकडे एकटीने जाऊन बोल, असा त्याचा अर्थ काढणाऱ्याला मी तरी मानणार नाही.

तक्रार न करण्याला दुसरंही कारण आहे आणि ते खरं आहे. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. दारू पिऊन गल्लीत ओरडणाऱ्या शेजाऱ्यासाठी ११२ ला फोन केला, तर पिणं हाच गुन्हा, त्यामुळे तो सरळ लॉकअपमध्ये जाऊ शकतो आणि त्याच्या घरची त्या दिवसाची मजुरी बुडते. ती बायको उद्या आपल्याच नळावर भेटणार असते. त्यातून 'असामाजिक' हा शब्द इथे जड आहे. गुजरातचा १९८५ चा 'पासा' कायदा असामाजिक प्रवृत्तींच्या प्रतिबंधासाठीच आहे आणि त्याखाली माणसाला वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. मार्च २०२५ मध्ये अहमदाबादच्या वस्त्रालमधल्या धुडगुसानंतर राज्यभर असामाजिक तत्त्वांची यादी १०० तासांत करण्याचे आदेश निघाले, तेव्हा आमच्या भागातल्या आयांनी मुलांना संध्याकाळी कोपऱ्यावर उभं राहू दिलं नाही. 'वर्तन' हा शब्द कृतीला चिकटतो, 'तत्त्व' माणसाला. कोपऱ्यावर उभी असलेली सगळी पोरं तत्त्व नसतात. त्यातली तीन तर माझ्याबरोबर शाळेत होती.

म्हणूनच तक्रार लिहिताना आपण साहित्याचे विद्यार्थी उपयोगी पडू शकतो. विशेषणं काढायची, क्रियापदं ठेवायची. 'काही गुंड मुलं नेहमी त्रास देतात' हे वाक्य कागदावर निरुपयोगी आहे आणि निरपराध मुलांना धोक्याचंही. तारीख, वेळ, जागा, कोण काय करत होतं, काय बोललं, कोणी पाहिलं एवढं लिहा. गाडीचा नंबर दिसला असेल तर तो. पोलिसांकडे दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. दखलपात्र गुन्हा असेल तर कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत सही करावी लागते. अदखलपात्र असेल तर फक्त नोंद होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. हे आधीच माहीत असलं की 'पोलीस काही करत नाहीत' म्हणून घरी परतायची वेळ येत नाही. बायका-मुलींसाठी गुजरातमध्ये १८१ अभयम् आहे. समुपदेशकाशी बोलता येतं आणि गरज पडली तर गाडी येते.

मैत्रिणीने गेल्या महिन्यात मला तिच्या घरी बोलावलं. आम्ही दोघींनी दोन कागद लिहिले, मराठीत विचार करून गुजरातीत, तिच्या मोठ्या भावाकडून जोडाक्षरं तपासून. एक महानगरपालिकेला, कोपऱ्यावरच्या बंद दिव्याबद्दल. दुसऱ्यात तिने तारखा घातल्या. तिला सात आठवल्या, दोन मला आठवल्या. वर मथळ्यात मी सवयीने 'तकरार' लिहिलं होतं. तिने ते खोडून 'फरियाद' केलं. पहिल्या कागदाची पोच मिळाली आहे, दिवा अजून लागलेला नाही. दुसरा कागद तिच्या दप्तरात आहे. कधी द्यायचा ते ती ठरवणार आहे, आणि त्या दिवशी मी बरोबर जाणार आहे.