कापडाचा खरा जमाखर्च

बेळगावच्या टिळकवाडीतील काँग्रेस विहीर आमच्या विद्यार्थिमित्रांच्या नित्य पाहण्यातली आहे. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या वेळी ती खोदण्यात आली. सभासदाने दरमहा २,००० वार सूत द्यावे, असा नियम याच अधिवेशनात संमत झाला, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे यांनी आपल्या हुदली गावी खादीचे काम रुजविले. लोक त्यांना ‘खादीभगीरथ’ म्हणू लागले. १९३७ च्या एप्रिलात गांधी सेवा संघाच्या संमेलनासाठी गांधीजी स्वतः हुदलीस येऊन राहिले होते.

हे स्मरण करण्यास कारण आहे. निसर्गाची हानी न करता कपड्यांचा व्यवसाय कसा चालवावा, हा प्रश्न आज सर्व जगापुढे उभा आहे आणि त्याच्या उत्तराचा पहिला धडा आपल्या उंबरठ्याशीच आहे. असा व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने आपल्या वहीत चार खाती उघडावीत, असे आम्हांस वाटते.

पहिले खाते पाण्याचे. एका सुती सदऱ्यापुरता कापूस पिकवून कापड तयार होईपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा जागतिक सरासरीचा हिशेब आहे. धारवाडकडील ‘जयधर’ हा देशी कापूस पावसाच्या पाण्यावरच येतो. म्हणजे कापूस कोणता घ्यावा, येथूनच विवेकाचा आरंभ होतो. खनिज तेलापासून होणारे पॉलिएस्टर पाणी कमी घेते खरे; परंतु ते मातीत कुजत नाही आणि प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू नदीनाल्यांत जातात.

दुसरे खाते रंगाचे. हळद, मंजिष्ठ, नीळ, डाळिंबाची साल यांचे रंग आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहेत. हिरडा व तुरटी यांनी कापडावर रंग पक्का बसतो. तथापि वनस्पतीचा रंग म्हणजे निर्दोष, असे समजू नये. त्यालाही पाणी व जळण लागते, आणि रंग पक्का करण्यास मोरचूद वापरल्यास सांडपाणी विषारी होते.

तिसरे खाते चिंध्यांचे. बेतून शिवलेल्या कपड्यात कापडाचा सुमारे सातवा हिस्सा कातरणीत वाया जातो. लुगडे व धोतर यांना कात्री लागतच नाही. आपल्या आजीबाई तर विरलेल्या लुगड्यांचे थर घालून वाकळ शिवीत. काटकसर आणि कला यांचा असा सुरेख मेळ आणखी कोठे पाहावा?

चौथे खाते मजुरीचे, आणि तेच सर्वांत अवघड. चरखा व हातमाग यांना वीज लागत नाही, पण माणसाचा वेळ लागतो. म्हणून हे कापड महाग पडते. शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांत हातमागाची जागा बहुतांशी यंत्रमागांनी घेतली, ती याच हिशेबामुळे. २०२१ च्या डिसेंबरात ध्वजसंहितेत बदल होऊन राष्ट्रध्वज यंत्रावर आणि पॉलिएस्टरचाही करण्यास मुभा मिळाली. तेव्हा हुबळीतील बेंगेरीच्या केंद्रासाठी कातणाऱ्या व विणणाऱ्या हातांना चिंता वाटली असल्यास नवल नाही. ज्या व्यवसायात भूमी राखली जाते, परंतु कातणाऱ्या बाईची चूल पेटत नाही, तो व्यवसाय टिकाऊ म्हणता येणार नाही.

यंत्राशी आमचे वैर नाही. स्वस्त कापडाची उरलेली किंमत नदी भरते, शेत भरते किंवा विणकर भरतो, एवढेच आमचे म्हणणे आहे. ती किंमत उघडपणे मांडणे हे उत्पादकाचे कर्तव्य, आणि थोडे कपडे घेऊन ते पुष्कळ दिवस वापरणे हे आपले. येत्या सुटीत विद्यार्थ्यांनी घरच्या वडील मंडळींसह हुदलीस जावे, चरख्यावर एक पेळू स्वतः कातून पाहावा. हातभर सूत निघण्यास किती वेळ लागतो हे कळले, म्हणजे अंगातला सदरा सहजासहजी टाकून देण्यास हात धजावणार नाही.